बावीस पानं काढून झाली, आता टाकू कुठे?

पत्राचा सारांश: चिपळूण तालुक्यातल्या एक वाचक पतसंस्थेत नोकरी करतात, वय ३१. त्यांची मावशी एसटीत कंडक्टर होती. तिच्या तोंडून ऐकलेल्या किश्श्यांवर त्या गेली दोन वर्षं रात्रीची जेवणं आटोपल्यावर कॉमिक काढत आहेत. नायिका महिला वाहक, गाडी वस्तीची (रात्री शेवटच्या गावातच मुक्काम करणारी), संवाद बरेचसे संगमेश्वरी बोलीत. ए-फोर कागदावर बावीस पानं झाली आहेत. साठ पूर्ण झाली की ‘एकदम ऑनलाइन प्रकाशित करायची’ असं त्यांनी ठरवलं होतं, पण आता शंका दाटल्या आहेत. हात अजून बसलेला नाही असं वाटतं. मैत्रीण म्हणते, मराठीत कोण वाचणार, त्यातून बोलीत. हिंदी नाहीतर इंग्रजीत कर. भाऊ म्हणतो, हे सगळं एआय दोन मिनिटांत काढून देईल. चित्रं चोरीला जातील याची भीती आहे आणि ऑफिसात कळलं तर काय, याचीही. त्यातच गंमत म्हणून टाकलेली दोन पानं पाहून एका कॉमिक ॲपने संपर्क केलाय: दर भागाला ठरावीक मानधन, बदल्यात ‘सर्व हक्क, जगभर, कायमस्वरूपी’. ‘साठ पानं पुरी करू, आहे ते टाकू, की ॲपला हो म्हणू?’ असं त्या विचारतात. सोबत चार पानांचे फोटो आहेत.

नमस्कार ताई,

तुमची चार पानं मी मुद्दाम फोनवरच पाहिली, कारण तुमचे वाचक ती तिथेच पाहणार आहेत. एका पानावर नऊ-नऊ चौकटी. वाचायला चित्र दोन बोटांनी मोठं करायचं, सरकवायचं, पुन्हा लहान करायचं. तिसऱ्या पानावर ती म्हातारी कोंबडी काखोटीला मारून चढते आणि कंडक्टरला सुनावते की कोंबडी पण बाईमाणूसच, तिलाही अर्धंच तिकीट लागणार. मी मोठ्याने हसलो. पण तो संवादाचा फुगा मला तिसऱ्या खेपेला सापडला. पानाच्या उजव्या कोपऱ्यात, अंगठ्याखाली.

तुमच्या पत्रातल्या सगळ्या शंकांच्या मुळाशी मला एकच गृहीत दिसतं. आधी काढायचं, मग पूर्ण करायचं आणि सगळ्यात शेवटी, छापखान्यात द्यावं तसं, ऑनलाइन टाकायचं. पुस्तकाला हा क्रम चालतो, कारण पान म्हणजे काय हे तिथे आधीच ठरलेलं असतं. वेबकॉमिकमध्ये वाचक ते कुठे वाचणार, अंगठा वर सरकवणार की बाजूला, एका बैठकीत किती वाचणार, यावरून पहिली चौकट कशी काढायची ते ठरतं. ‘कुठे टाकू?’ हा प्रश्न तुम्ही साठाव्या पानासाठी राखून ठेवलात. तो पहिल्या पानाआधीचा आहे. म्हणून आणखी अडतीस पानं याच पद्धतीने काढू नका, एवढं आधीच सांगून टाकतो. बावीस पानं वाया गेली असं मात्र मुळीच नाही, त्याकडे येतोच.

सध्या वाचण्याच्या तीन रीती आहेत. पहिली उभ्या पट्टीची. दक्षिण कोरियात नेव्हर कंपनीने २००४ मध्ये वेबटून सुरू केलं आणि स्मार्टफोन आल्यावर ही पद्धत जगभर पसरली. त्यांची इंग्रजी सेवा २०१४ ची. तिथे पान नसतंच, ८०० पिक्सेल रुंदीची एक लांबच लांब पट्टी असते आणि दोन चौकटींमधली रिकामी जागा म्हणजे वेळ. कुंभार्ली घाटातून रात्री उतरणारी गाडी, आत एकच प्रवासी, बाहेर धुकं, असा प्रसंग या पट्टीत जसा उतरेल तसा कशातच उतरणार नाही. मध्ये नुसता काळोख सोडा, वाचकाचा अंगठा आपोआप घाट उतरेल.

दुसरी रीत बाजूला सरकवायची, म्हणजे इन्स्टाग्रामवरची. तिथे प्रत्येक सरकवणं हा पडदा असतो. पुढच्या चित्रात काय आहे ते दिसत नाही, आणि विनोदाला नेमकं हेच हवं असतं. तुमच्या कोंबडीचा प्रसंग इथे पाच चित्रांत बसतो: म्हातारी चढते, कंडक्टर तिकीट मागते, म्हातारी स्वतःचं अर्धं घेते, कंडक्टर कोंबडीकडे बोट दाखवते, आणि शेवटच्या चित्रात तो एकच संवाद. नऊ चौकटींच्या पानात वाचकाची नजर आधीच कोपऱ्यात जाऊन आलेली असते.

तिसरी रीत पानांची, तुम्ही धरलेली. दिवाळी अंकाला, छापील पुस्तिकेला ती उत्तम. फोनवर सगळ्यात वाईट.

तुमचे किस्से सुटे आहेत, तिखट आहेत आणि बहुतेक एका थांब्यापासून पुढच्या थांब्यापर्यंत संपणारे आहेत. म्हणून मी दुसरी रीत निवडेन. घाटातल्या रात्रीसारखे दोन-तीन प्रसंग पुढे कधीतरी उभ्या पट्टीत करता येतील.

आता मापं. ही आधी कळली नाहीत तर पुढे सगळं पुन्हा काढायची पाळी येते. इन्स्टाग्रामवर उभं चित्र १०८० बाय १३५० पिक्सेलचं चालतं. एका पोस्टमध्ये पूर्वी दहा चित्रं मावत, २०२४ पासून वीस. पण १०८० वरच थांबलात आणि उद्या पुस्तिका काढायची म्हटली, तर छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात, म्हणजे तुमचं चित्र जेमतेम नऊ सेंटिमीटर रुंद छापलं जाईल. म्हणून दुप्पट काढा, २१६० बाय २७००. ते अठरा सेंटिमीटरपर्यंत नीट छापता येतं. टाकताना लहान करायचं, मूळ जपून ठेवायचं. तुम्ही कागदावर काढता, तेव्हा पतसंस्थेच्या झेरॉक्स मशीनवर स्कॅन करण्यापेक्षा (मोह होईल, कळतं मला) बाहेर चांगल्या स्कॅनरवर ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून घ्या. पुढच्या साफसफाईला आणि रंगाला क्रिटा हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. आयपॅड घेऊन मगच सुरुवात करू, असं मनात असेल तर तूर्त ते काढून टाका.

तर बावीस पानं. मूळ कागद फाईलमध्ये ठेवा आणि स्कॅनला कात्री लावा. मला दिसलेल्या चार पानांपैकी पहिली दोन नायिकेच्या उठण्या-आवरण्याची आहेत: गजर, चहा, केस विंचरणं, डेपोपर्यंतची पायपीट. ती निवांत आहेत, पुस्तकात शोभतील. फोनवर मात्र वाचक गजर वाजतानाच निघून जाईल. गोष्ट सुरू होते ती सुट्या पैशांवरून पहिला वाद होतो तिथे. तिथूनच उचला. बावीस पानांतून दहा-बारा सुटे भाग निघतील असा माझा अंदाज आहे. काहींत एखादी चौकट नव्याने काढावी लागेल, कुठे फुगा हलवावा लागेल. म्हणजे तुमच्याकडे अपुरं साठ पानी पुस्तक नाही, काही महिने पुरेल एवढा तयार साठा आहे.

फुग्यांवर जरा थांबतो, कारण मराठीत वेबकॉमिक करणारे इथेच घसरतात. इंग्रजी कॉमिकमधली अक्षरं बहुधा सगळी कॅपिटल असतात, एका उंचीची, म्हणून ती फुग्यात ठासून भरता येतात. आपल्या अक्षरांना वर वेलांट्या, मात्रा आणि रफार, खाली उकार. दोन ओळींत पुरेशी जागा सोडली नाही तर खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकाराला धडकते. त्यात आपले शब्द लांब. ‘विचारल्याशिवाय’ हा शब्द अरुंद फुग्यात मावत नाही, आणि मध्ये तोडला तर शिरोरेषा तुटून भलताच दिसतो. तेव्हा आधी संवाद लिहायचा, त्याच्याभोवती फुगा काढायचा आणि उरलेल्या जागेत चित्र. तुम्ही उलटं करता हे फुग्यांच्या कडेला चिकटलेल्या अक्षरांवरून दिसतं.

टाइप करणार असाल तर युनिकोड फॉन्टच वापरा. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्ता आणि बालू, किंवा हस्ताक्षरासारखा दिसणारा कलम, हे मोफत आहेत आणि त्यांचा परवाना व्यावसायिक वापरालाही चालतो. फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं फुटून दिसली तर ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ चालू करायचं राहिलंय असं समजा. पण तुमच्या बाबतीत मी म्हणेन, हातानेच लिहा. गाडीच्या पाटीवरची तुमची अक्षरं इतकी सुरेख आहेत की शेजारी छापील फॉन्ट उपरा दिसेल. घंटीची टिंग टिंग, दाराचा खडखडाट, इंजिनाची घरघर ही तर चित्राचाच भाग म्हणून काढायची. अक्षर पुरेसं मोठं आहे का, हे तुमच्या फोनवर बघू नका. आईच्या फोनवर, चष्म्याशिवाय तिला वाचता येतंय का ते बघा.

मैत्रिणीचं म्हणणं काळजीपोटी आहे, पण ते कोंबडीवर घासून पाहू. महिलांना एसटीत निम्मं तिकीट २०२३ मध्ये सुरू झालं. हे ज्याला ठाऊक आहे तो म्हातारीच्या वाक्यावर लगेच हसतो. इंग्रजीत तोच विनोद सांगायचा तर खाली तळटीप लागेल, आणि तळटीप वाचून कुणी हसत नाही. इंग्रजीत वाचक जास्त हे खरं, पण तिथे रोज नवं काही टाकणारेही तितकेच जास्त. वस्तीच्या गाडीवरचं कॉमिक मराठीत शोधायला गेलं तर तुम्ही बहुधा एकट्याच असाल.

विषय असा अरुंद असला की तो तोटा ठरतो, हे मला पटत नाही. नागपूरचे रोहन चक्रवर्ती शिकले दंतवैद्यक आणि २०१० पासून ‘ग्रीन ह्यूमर’ या नावाने वन्यप्राण्यांवर व्यंगचित्रं काढू लागले. बेडूक, गिधाडं, धनेश. एवढ्या चिमुकल्या वाटणाऱ्या विषयावर त्यांनी देशाबाहेरचे वाचक मिळवले. ते इंग्रजीत काढतात, हे मैत्रीण लगेच दाखवून देईल. पण त्यांच्या विषयाला कुठल्याच भाषेत तळटीप लागत नाही. तुमच्या विषयाला लागते. भाषा विषयावरून ठरवायची, गर्दीवरून नाही.

बोलीचा प्रश्न वेगळा आहे. नागपूरच्या किंवा नाशिकच्या वाचकाला संगमेश्वरीतली पाच सलग वाक्यं जड जातील. सगळी बोली काढून टाकणं हा त्यावरचा उपाय नव्हे. तुमची कंडक्टर ‘पुढे सरका, तिकीट घ्या’ हे छापील मराठीत म्हणते, आणि ड्रायव्हरशी किंवा गावच्या माणसाशी बोलायला लागली की बोलीत शिरते. हे तुम्ही चौथ्या पानावर नकळत केलंय. तेच नियम म्हणून पाळा. ती कुणाशी किती जवळची आहे हे वाचकाला तिच्या भाषेवरूनच कळेल आणि फुगेही वाचता येतील. हिंदी-इंग्रजी वाचकांसाठी काही करावंसं वाटलंच तर अधूनमधून एखादा भाग बिनशब्दांचा काढा. व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांच्या बिनशब्दांच्या चित्रांनी मराठी वाचकाला याची सवय केव्हाच लावून ठेवली आहे.

हात बसलेला नाही याबद्दल थोडक्यात सांगतो. ‘एक्सकेसीडी’ हे २००५ पासून चालू असलेलं अमेरिकन वेबकॉमिक आणि रचिता तनेजा यांचं आपल्याकडचं ‘सॅनिटरी पॅनल्स’, दोन्हींत माणसं काड्यांची आहेत. तुमची माणसं त्यापेक्षा कितीतरी जिवंत आहेत. तुमचं दुखणं चेहऱ्यांत नाही, चौकटींच्या गर्दीत आहे. आणि भावाला सांगा, तुमच्या चित्रात ती वळणावर कमरेने सीटला टेका देऊन दोन्ही हात मोकळे ठेवते, एका हातात मशीन आणि दुसऱ्यात नोटा. हे मावशीने तुम्हाला सांगितलं म्हणून तुम्ही काढलंत. मी काढायला बसलो असतो तर तिला दांडा धरून उभी केली असती, आणि यंत्रानेही बहुधा तेच केलं असतं.

मग टाकायचं कुठे? इन्स्टाग्रामवर वाचक येतील, पण तिथे नवा माणूस थेट चौदाव्या भागावर येऊन पडतो आणि पहिला भाग त्याला सापडत नाही. म्हणून पात्रांची ओळख करून देणारी पोस्ट आणि सगळ्यात जमलेले दोन भाग वर पिन करून ठेवा, आणि एक साधी स्वतःची साइटही करा. पहिला, मागचा, पुढचा अशी तीन बटणं असली की झालं. हा उद्योग जास्तीचा वाटेल. पण स्मॅकजीव्ज नावाचं वेबकॉमिकचं मोठं ठिकाण होतं, हजारो जणांनी तिथे वर्षानुवर्षं कॉमिक्स टाकली, आणि २०२० च्या अखेरीस ते बंद झालं. ज्यांच्याकडे मूळ फाइली होत्या ते दुसरीकडे गेले. दोन्हीकडे चित्राखाली भागाचं नाव आणि एक-दोन ओळी मराठीत टाइप करा. फुग्यातला मजकूर शोधयंत्राला सहसा वाचता येत नाही, आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या वाचकालाही त्याच ओळींचा आधार असतो.

आठवड्याला एक भाग असं लगेच जाहीर करू नका. ‘चिंटू’ १९९१ पासून वर्षानुवर्षं रोज येत राहिला, पण त्यामागे चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर असे दोघे होते. तुम्ही एकट्या, त्यात मार्चअखेर आली की पतसंस्थेत रात्रीचे नऊ वाजणार. पंधरवड्याला एक, ठरलेल्या वारी, आणि किमान सहा भाग हाताशी तयार असतील तेव्हाच पहिला टाका.

चोरीची भीती खरी आहे, पण ती वेगळ्या वाटेने येते. तुमचं चित्र कुणी छापून विकण्याआधी ते नाव कापून व्हॉट्सॲपवर फिरेल. कोपऱ्यातली सही कापायला एक सेकंद लागतो. तुमच्याकडे तर आयती गाडी आहे. शेवटच्या चौकटीत मार्गाच्या पाटीवर, तिकिटावर, खिडकीखालच्या पत्र्यावर कॉमिकचं नाव लिहा. ते कापायचं तर विनोदही कापला जाईल.

कायद्याने चित्र काढल्या क्षणीच कॉपीराइट तुमचा होतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो तुमच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षं टिकतो. नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झालाच तर पुरावा म्हणून उपयोगी पडते. कच्ची रेखाटनंही तारखा घालून ठेवा.

आता ॲप. याच कायद्याच्या एकोणिसाव्या कलमात हक्क लेखी द्यावे लागतात, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, असं धरलं जातं. नवख्या कलाकाराला हा मोठा आधार आहे. पण तुम्हाला आलेल्या मसुद्यात ‘जगभर’ आणि ‘कायमस्वरूपी’ हे शब्द मुद्दाम लिहिले आहेत, तेव्हा तो आधार तुम्हाला मिळणार नाही. सही केलीत तर उद्या या कंडक्टरवर मालिका निघाली तरी पैसे त्यांचे. विपर्यासाविरुद्ध दाद मागायचा आणि कर्ती म्हणून नाव सांगायचा हक्क सत्तावन्नाव्या कलमाने तुमच्याकडे राहतो, पण त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते.

लगेच नाही म्हणू नका, उलट प्रस्ताव पाठवा: हक्क देणार नाही, प्रकाशनाचा परवाना देईन. फक्त मराठी, फक्त ॲपवर, दोन वर्षं. पात्रं, छापील पुस्तक, ॲनिमेशन आणि चित्रपट माझ्याकडे. इन्स्टाग्रामवर भाग टाकायची मोकळीक. ते ‘आमचा करार ठरलेला आहे’ म्हणाले तर सोडून द्या. ‘विचार करू’ म्हणाले तर अंतिम मसुदा वकिलाला दाखवा. दोन-तीन हजार रुपये जातील, पण ते इथेच खर्चावेत. पैसे हवे असतील तर दिवाळी अंकांचीही वाट आहे. त्यांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, आणि व्यंगचित्रांच्या पानांना संपादक नव्या हाताच्या शोधात असतात. मानधन फार नसतं, पण हक्क सहसा कुणी मागत नाही. तिथे तुमची मूळ पानं, नऊ चौकटींसकट, तशीच चालतील.

ऑफिसचं म्हणाल तर घरी रात्री काढलेल्या चित्रांवर पतसंस्थेचा कॉपीराइट येत नाही. मात्र बाहेरून उत्पन्न मिळवायला आधी परवानगी लागते असं कलम सेवानियमांत असू शकतं. मानधनाचा पहिला रुपया घेण्याआधी ते वाचा. टोपणनाव घ्यायला हरकत नाही, पण चिपळुणात ते किती दिवस टिकेल हे तुम्हालाच जास्त ठाऊक.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही. किस्से मावशीचे आहेत, आणि त्यांतली माणसं अजून त्याच गाडीने जात असतील. पहिले सहा भाग तयार झाले की आधी मावशींना दाखवा, आणि एखादा नको म्हणाल्या तर कारण न विचारता काढून ठेवा. गावांची नावं बदला, मधले एक-दोन थांबे खोटे घाला. कोंबडीवाली म्हातारी त्यातूनही स्वतःला ओळखेलच. ओळखलं तर तिचा तक्रारीचा फोन मावशींनाच येईल, तेव्हा त्यांना याची आधीच कल्पना देऊन ठेवा.